मागून लावलेलं इंजिन

इंजिनाच्या चाकाचा रुळाशी जिथे स्पर्श होतो, ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी असते. मालगाडीच्या सहा आसांच्या इंजिनाला बारा चाकं, म्हणजे बारा नखं. डब्ल्यूएजी-७ या इंजिनाचं वजन १२३ टन, ताकद ५००० अश्वशक्ती. डोक्यावरच्या तारेतून २५,००० व्होल्टची वीज आत येते, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, सहा मोटरी फिरतात, आणि हा सगळा बडेजाव शेवटी त्या बारा नखांतून रुळावर उतरतो. आधी असिस्टंट आणि मग लोको पायलट म्हणून माझी उमर इंजिनात गेली. लग्नाकार्यात कोणी ना कोणी हमखास विचारतं, ‘इंजिनात ताकद किती असते हो?’ पकड किती असते, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. गाडी अडते ती मात्र बहुतेक वेळा पकडीपाशीच.

पाऊस म्हटला की लोकांना वाटतं, धो धो पावसात रेल्वेवाल्यांचे हाल. पाणी रुळावर चढलं तर हाल असतातच. पण चाकाच्या पकडीपुरतं बोलायचं तर धो धो पाऊस परवडला. तो रूळ धुऊन काढतो. वाईट असतो तो पहिला शिंतोडा. उन्हाळाभर साचलेली धूळ, तेलाचा चिकटा, चिरडलेला पाला यांच्यावर चार थेंब पडले की रुळावर असा काही लेप बसतो की चाक जागच्या जागी फिरायला लागतं. आधी आवाज येतो. मोटरीचा सूर एकदम चढतो, अँमीटरचा काटा पडतो, स्लिपचा दिवा लागतो आणि गाडी तिथेच. नवख्याचा हात अशा वेळी आपोआप पुढच्या नॉचकडे, म्हणजे जोराच्या पुढच्या पायरीकडे जातो. गाडी चालत नाही ना, मग लाव आणखी जोर. करायचं असतं नेमकं उलट. नॉच उतरवायचा, चाक शांत होऊ द्यायचं, मग पायाखालचं पेडल दाबून चाकापुढे वाळू सोडायची आणि पुन्हा एकेक नॉच चढवत जायचं. चाक गरगरत असतानाच वाळू पडली तर पकड एकदम बसते, आणि तो हिसका ना गिअरला सोसतो ना मोटरीला. नुसताच जोर रेटला तर रूळ जळतो. त्या जागी खळगा पडतो आणि मागून येणारी प्रत्येक गाडी त्यावर ठोकर खात जाते.

वाळू म्हणजे अगदी साधी वाळू. शेडमध्ये वाळवून, चाळून इंजिनाच्या पेट्यांत भरलेली. ओलसर राहिली तर नळीत गोळा होऊन बसते आणि ऐन वेळी पेडल दाबलं तरी खाली काही पडत नाही. म्हणून पावसाळ्यात निघण्याआधी असिस्टंटने खाली वाकून प्रत्येक नळीपाशी वाळू पडते का ते बघायचं असतं. करोडोंचं इंजिन आणि त्याची सगळी भिस्त मूठभर सुक्या वाळूवर! आताच्या थ्री-फेज इंजिनांत चाक घसरायला लागलं की संगणकच जोर उतरवतो, माणसाच्या हाताला जमणार नाही इतक्या झटकन. पण वाळूची पेटी त्यांनाही असते.

माझे पहिले ड्रायव्हरसाहेब (तेव्हा लोको पायलट म्हणत नसत) फार बोलायचे नाहीत. भरलेली कोळशाची गाडी घेऊन आम्ही एका लूपमधून, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावरून निघत होतो. बॉक्स-एन जातीचे ५८ डबे, प्रत्येक भरलेला डबा ८१ टनांचा, म्हणजे गाडी साडेचार हजार टनांच्या वर. सिग्नल मिळाला तशी मी चुळबुळ करायला लागलो. साहेबांनी पहिला नॉच घेतला आणि थांबले. इंजिन इंचाइंचाने सरकलं. मागून कपलिंगांचा खडखड आवाज सुरू झाला, तो लांब लांब जात गेला. ‘ऐक,’ म्हणाले, ‘गाडी ओढायची नसते, एकेकाला उठवायची असते.’

त्यात गूढ असं काही नाही. दोन डब्यांच्या कपलिंगमध्ये थोडी ढील असते. तिच्यामुळे इंजिनावर सगळ्या गाडीचं ओझं एकदम येत नाही. पहिला डबा हलतो, मग दुसरा, मग तिसरा. इंजिन सरकलेलं असतं तरी सहाशे मीटर मागचा शेवटचा डबा अजून जागेवरच उभा असतो. उभी गाडी हलवणं हेच सगळ्यात जड काम. एकदा हलली की सपाटीवर टनामागे दोन-चार किलोच्या ओढीने ती चालत राहते. घाई केली तर ढील एका झटक्यात संपते आणि कपलिंग तुटतं. गार्डाच्या डब्यात बसलेला माणूसही त्या झटक्याने आपटतो, हे पुढे बसलेल्याला दिसत नाही.

मी राहायला नवीन पनवेलला आलो तेव्हा सिडकोच्या इमारतींमध्ये मोकळी मैदानं होती आणि खिडकीतून प्रबळगड अख्खा दिसायचा. आता त्याचा माथा तेवढा दिसतो, तोही समोरच्या टॉवरवाल्यांनी कृपा केली तर. रेल्वेवाल्याने राहायला पनवेल निवडावं यात नवल नाही. दिव्याहून १९६० च्या दशकात इथे रूळ आले, ते पुढे आपट्याला आणि १९८६ साली रोह्याला गेले. १९९८ हे वर्ष तर पनवेलला लागोपाठ दोनदा पावलं: जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि जूनमध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली. नंतर कर्जतचा रस्ताही इथूनच फुटला. न्हावाशेव्याच्या बंदरातून निघणारे कंटेनर जासईवरून इकडेच येतात. स्टेशनच्या पूर्वेला आमचं नवीन पनवेल, पश्चिमेला हायवे आणि त्याच्या पलीकडे जुनं गाव.

त्या जुन्या गावाचा धंदा काय होता हे मला निवृत्तीनंतर कळलं. इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्ये पनवेलची ओळख आहे ती बैलगाडीची चाकं करणारं गाव म्हणून. वाचलं आणि मला फार बरं वाटलं. मुंबईहून माल गलबतातून पनवेलच्या बंदरात यायचा, इथे गाडीवर चढायचा आणि बोरघाट चढून पुण्याला जायचा. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला आणि चाकांना गिऱ्हाईक मिळालं. तुंबा, आरे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव गार झाली की आकसते आणि लाकडाला आवळून धरते. आमच्या इंजिनांच्या चाकांवर टायर चढवायची जुनी पद्धत हीच: तापवा, चढवा, गार होऊ द्या. चढ आला की जादा बैलजोडी जुंपायची हीदेखील जुनीच रीत. बैल पुढे जुंपतात, आम्ही इंजिन मागे लावतो, एवढाच काय तो फरक.

बोरघाट हा सगळा प्रकार काय आहे ते आकड्यांत सांगतो, कारण वर्णनं खूप झाली आहेत. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर आणि सर्वांत तीव्र चढ ३७ ला एक. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला काहीच नाही. पायी चालणाऱ्याला जाणवणारही नाही. पण एवढ्या चढावर टनामागे २७ किलोची ओढ निव्वळ वजनापोटी लागते. सपाटीच्या जवळपास दहापट. हजार टनांची प्रवासी गाडी असेल तर २७ टनांचा जोर सतत लावून धरायचा, वळणांचा अडसर वेगळा. हा जोर सगळा पुढून लावला तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर सगळा ताण येतो. आणि ते तुटलं तर मागचे डबे उताराला लागतात. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला दोन-तीन इंजिनं लागतात, त्यांना म्हणतात बँकर. ती मागून रेटतात, आणि मधे काही तुटलंच तर मागे उभी राहून गाडी धरतात. दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं, पण ते करायची वेळ न येण्यातच सगळ्यांचं भलं.

हा घाट बांधताना काय झालं तेही थोडं सांगायला हवं. काम १८५६ मध्ये सुरू झालं. पहिला ठेकेदार मधेच सुटला. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार विलायतेहून आला आणि इथे पाय ठेवल्यावर काही आठवड्यांतच आजाराने गेला, १८५९ मध्ये. त्याची बायको ॲलिस पहिल्या बोटीने परत गेली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. तिने ठेका स्वतःच्या नावावर चालू ठेवला, जाणकार इंजिनिअर कामावर लावले आणि घाट पुरा केला. ऐन भरात ४०,००० च्या वर मजूर घाटात होते. पटकीने आणि अपघातांनी किती मेले त्याची नावानिशी नोंद कुठे नाही. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली. ॲलिसबाईंना कशाने थांबवून धरलं असेल? पैसा? ठेक्यातली कलमं? की कामच असं अर्ध्यावर पडलेलं होतं की सोडून जाणं जमेना? लोक ‘जिद्द’ म्हणून मोकळे होतात. मला तो शब्द फार सोपा वाटतो.

मी काही वर्षं बँकरवर होतो. सुरुवातीला चेहरा पाडूनच गेलो. मेलवर जायचं स्वप्न असतं ना प्रत्येकाचं. बँकरवाल्याचा मुलूख म्हणजे कर्जत-लोणावळा, लोणावळा-कर्जत. कोणत्याही गावाला तुम्ही पोचत नाही. गाडी कर्जतला येते, तुम्ही मागून हळूच टेकता, कपलिंग लागतं, हवेच्या नळ्या जोडल्या जातात, ब्रेकची तपासणी होते, पुढच्या ड्रायव्हरशी खूण होते. पूर्वी भोंग्याने, नंतर वॉकी-टॉकीवर. आणि मग पाऊण-एक तास तुमच्या समोर काय असतं? शेवटच्या डब्याची पाठ. पिवळा रंग, मोठी फुली, लाल दिवा. बस्स. दरी आहे, धबधबे आहेत, लोक तिकीट काढून बघायला येतात. तुमची नजर त्या फुलीवर आणि अँमीटरवर.

पळसदरी गेली की चढ सुरू होतो. जांबरुंग, ठाकुरवाडी, मंकी हिल, खंडाळा. बोगद्यात शिरलं की पुढच्या गाडीचा सगळा आवाज मागे येऊन आपल्या काचेवर आपटतो. एखाद्या वळणावर मात्र अख्खी गाडी बाहेरच्या बाजूने दिसते, पार पुढे मेन इंजिन, खिडक्यांतून बाहेर काढलेले हात, दारात बसलेली पोरं. गार्ड बाजूच्या दारातून डोकावून हात करतो. तेवढीच काय ती भेट. पुढचा किती ओढतोय हे आपल्याला दिसत नाही, पण कळतं. त्याने जरा सोडलं की आपला काटा चढतो. आपण सोडलं की त्याचा. माझ्या जोडीला एक वयस्क पायलट होते, कर्जतचेच. त्यांना पुढच्या ड्रायव्हरचा स्वभाव मागून समजायचा. ‘हा घाबरट आहे’, ‘हा झोपेतून उठून आलाय’, ‘हा चांगला, याला मागून फार रेटू नको, त्याला राग येईल’. चेष्टेने म्हणायचे, पण चुकायचे क्वचित.

एकदा त्यांना विचारलं, रोज तेच ते, कंटाळा येत नाही का? त्यांनी पानाची चंची काढली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आपण नसलो तर गाडी इथेच उभी राहते, हे आपल्याला माहीत असतं. मेलवाल्याला हे कळायला दुसरा ड्रायव्हर आजारी पडावा लागतो.’

लोणावळ्याला आमची इंजिनं सुटतात. गाडी पुण्याकडे निघून जाते. मागून कोणी रेटलं हे गाडीतल्या हजार-दीड हजार माणसांपैकी कोणाच्या खिजगणतीत नसतं, आणि नसावंच. आम्ही परत खाली. उतरताना आणखी एक मजा आहे. नव्या इंजिनांत ब्रेक लावताना मोटरी जनित्रासारख्या फिरतात आणि वीज परत तारेत सोडतात. त्याच वेळी कोणी घाट चढत असेल तर तीच वीज त्याच्या मोटरीत जाते. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला वर घेतं. आमच्या आधीच्या पिढीने १९२८ पासून आलेली ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी इंजिनं चालवली, आम्ही १५०० व्होल्टची डीसी पाहिली, मग एसी आली. सगळ्यात जास्त आवडलेली सुधारणा विचाराल तर ही वीज परत देण्याची.

आता माणसांविषयी. निवृत्तीला काही वर्षं उरली असताना एका प्रशिक्षणात आम्हाला एक वक्ते ऐकवले. कोट, टाय, कानाला लावलेला माइक. ‘सकाळी उठताना स्वतःला विचारा, माझं ध्येय काय?’ मागच्या रांगेत रात्रपाळी करून आलेले दहा-बारा पायलट पेंगत होते. मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. ते त्यांचं काम करत होते. पण त्यांनी रात्री अडीच वाजताचा कॉल कधी घेतला नसावा.

माझ्या उमेदवारीत कॉलबॉय सायकलवरून यायचा. दारावर थाप, हातात वही, त्यात सही करायची आणि दोन तासांत लॉबीवर हजर. पुढे फोन आला, पण पोटात गोळा तोच. बाहेर आषाढाचा पाऊस, अंथरूण ऊबदार, बायको अर्धवट झोपेत विचारते, ‘अहो, डबा देऊ का करून?’ आणि तुम्ही उठता. कशासाठी? मायलेजसाठी, हे पहिलं उत्तर. किलोमीटरवर भत्ता मिळतो, त्यावर घराचे हप्ते चालतात. हे लपवण्यात काय अर्थ आहे? चार्जशीटची भीती, हे दुसरं. सवय, हे तिसरं. ध्येय मी बरंच शोधलं, त्या वेळेला ते कधी जागं नसायचं.

पण एवढ्यानेच भागत नाही. पगार एकतीस तारखेला असतो आणि कॉल आत्ता असतो. मला उठवायचा तो रिलीफ. सोमाटण्याच्या नाहीतर चौकच्या लूपमध्ये एखादी मालगाडी उभी असते. तिच्यावर दोन माणसं आहेत, त्यांची ड्युटी भरत आली आहे, पाणी संपलेलं, डबा दुपारीच खाल्लेला. त्यांना उतरवायला मी निघालोय. त्यांचे चेहरे मला माहीत असतात, कारण परवा त्या जागी मी होतो. इंजिनाच्या खिडकीतून लांबवर बॅटरीचा उजेड हलताना दिसावा, कोणीतरी खडीवरून चालत येतंय हे कळावं, यासारखं सुख मी फार कमी पाहिलंय. येणारा माणूस आधी बॅग वर देतो. मग चार वाक्यं: गाडी अशी आहे, ब्रेकला जरा वेळ घेते, पुढे अमुक किलोमीटरला कॉशन आहे, हळू जायचं. पुढचं सगळं ज्याचं त्याने बघायचं. उतरणारा एवढंच विचारतो, ‘बाहेर चहा मिळेल का रे?’

मग माझं मत असं झालं की माणसाला पुढे ढकलणारी गोष्ट लांब क्षितिजावर नसते. ती अगदी जवळ असते, नखाएवढ्या जागेत. कोणीतरी एक ठरावीक माणूस, ठरावीक ठिकाणी, आपण येईपर्यंत हलू शकत नाही. आमच्या सेक्टरमधून पहाटे पहिल्या लोकलला निघणारी माणसं मी रोज बघतो, आता झोप लवकर उघडते म्हणून. रुग्णालयातल्या आया, सिक्युरिटीवाले, मासळी आणायला निघालेल्या बाया, विमानतळाच्या नव्या नोकऱ्यांवर जाणारी पोरं-पोरी. यातल्या बहुतेकांची कोणीतरी वाट बघत असतं: रात्रपाळीची नर्स, गेटवरचा वॉचमन. एक माणूस गेल्याशिवाय दुसरा घरी येत नाही. शहर असं चालतं, एकेक डबा उठवत.

याचीही दुसरी बाजू आहे. असं सगळं रिलीफवर बांधलेलं जगणं माणसाला वापरूनही घेतं. ‘तू नाही गेलास तर त्याचं काय?’ हे वाक्य ऐकवून कितीतरी लोकांकडून कितीतरी जास्तीची ड्युटी काढून घेतली जाते, सगळीकडे. बायकांना तर घरात आयुष्यभर हेच ऐकावं लागतं. माझ्या रात्रींचे डबे करून देणारीला कोण रिलीफ द्यायला आलं? तिला लोणावळा कधी लागलाच नाही. आणि चाक घसरत असताना जोर वाढवू नये हे इंजिनाच्या बाबतीत आम्हाला शिकवलं होतं. पोरांच्या बाबतीत कोणी शिकवलं नाही. बारावीच्या वर्षी घरोघर नॉचवर नॉच चढत असतात.

२०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत सुरू झाल्या आणि त्या बँकरशिवाय घाट चढायला लागल्या. सोलापूरवाली आमच्या घाटातून, शिर्डीवाली कसाऱ्याच्या घाटातून, दोन्हीकडे चढ ३७ ला एक. आमच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी सुतकच होतं. युक्ती साधी आहे. एका इंजिनाने सगळ्यांना ओढायचं नाही. तेव्हाच्या १६ डब्यांपैकी निम्म्या डब्यांखाली मोटरी. मग बारा नखांच्या जागी कितीतरी नखं रुळाला लागतात आणि प्रत्येकावरचा भार हलका होतो. लोकल अशीच चालते, किती वर्षांपासून. घाटात ते पाहायला आम्हाला वेळ लागला, एवढंच.

त्याच वर्षी १३ मार्चला सोलापूरहून मुंबईची वंदे भारत सुरेखा यादव यांनी आणली. साताऱ्याच्या बाई, १९८९ मध्ये असिस्टंट झाल्या, आशियातल्या पहिल्या महिला लोको पायलट म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. २०११ च्या महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून घाट उतरवून मुंबईला नेली तेव्हा टीव्हीवाले जमले होते. मला त्यातल्या टाळ्यांपेक्षा मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. मालगाड्या, रात्रीचे कॉल, बायकांची सोय नसलेल्या रनिंग रूम, म्हणजे ड्युटीच्या मधल्या विश्रांतीच्या खोल्या. त्या वर्षांचे फोटो नसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. आता इंजिनावर मुली दिसतात, पनवेल स्टेशनवर लोक वळून बघत नाहीत. एक डबा हलला की पुढचा हलतो, तो खडखडाट मी ऐकलेला आहे.

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा असिस्टंट लोको पायलटची परीक्षा पास झाला. पेढे घेऊन आला, मागे त्याची आई. ‘काका, ह्याला जरा समजावून सांगा,’ ती म्हणाली. ‘घाटात टाकतील म्हणून रडतोय.’ पोरगा रडत वगैरे नव्हता, पण त्याला वंदे भारत हवी होती. मोबाइलवर त्याने तिच्या केबिनचे व्हिडिओ पाठ केले होते.

त्याला मी काहीच समजावलं नाही. मालगाड्यांना आणि जुन्या एक्स्प्रेसना बँकर लागतोच आणि अजून बरीच वर्षं लागेल, एवढं सांगितलं. सुके मोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. बॅटरी दोन घे, एक बंद पडतेच. वाळूची नळी वाकून बघायची; वरून पाहून सही करायची नाही.

‘आणि कर्जतला जेवणाचं?’ त्याच्या आईने विचारलं.

तिथे दिवाडकरांचा वडा आहे, मी म्हणालो. बँकर लागणाऱ्या गाड्या तो लावायला तिथे थांबतात, म्हणून तर वडा एवढा खपतो. प्रवाशांना वाटतं गाडी वड्यासाठी थांबलीय.

पोरगा पहिल्यांदा हसला. मग त्याने विचारलं, बँकरवाल्यांना वडा फुकट मिळतो का.